गोंडीचा पहिला धडा

गुडीहत्नूर हे आदिलाबाद जिल्ह्यातील गाव नागपूर–हैदराबाद या हमरस्त्यावर वसले आहे. येथून एक वाट इंद्रवेल्ली व उटनूर या गावांवरून गोंडांच्या डोंगराळ मुलखात शिरते. या भागात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तेव्हा शेजाऱ्याची भाषा शिकण्याचा प्रश्न येथे केवळ विद्वत्तेचा नाही. तो पाणी मागण्याचा, वाट पुसण्याचा आणि गाऱ्हाणे ऐकून घेण्याचा आहे. या प्रश्नास आमच्या लोकांनी कोणते उत्तर दिले, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

आरंभ परधानांपासून केला पाहिजे. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. आदिलाबादकडील परधानांची घरची भाषा मराठी. परंतु यजमानाच्या अंगणात किकरी वाजवून ते कुळकथा गातात, त्या गोंडीत. म्हणजे गोंडांचा पुराणेतिहास ज्यांनी मुखोद्गत राखला, ते मातृभाषेने मराठी होते. ग्रंथ नाही, पाठशाळा नाही. बापाजवळ बसून मुलगा परभाषा शिकला, आणि तीच त्याच्या चरितार्थाचे साधन झाली. मराठी माणसाच्या गोंडी-अध्ययनाची ही सर्वांत जुनी परंपरा होय. तिची नोंद आमच्या वाङ्मयेतिहासात नसावी, याचा आम्हांस खेद वाटतो.

राज्यकर्त्यांस मात्र ही भाषा शिकण्याची निकड फार उशिरा भासली. निजामी अंमलात सरकारी कागद उर्दूत असत. जंगल राखीव झाले, जमिनीचे पट्टे इतरांच्या नावे चढले, आणि ज्याच्या पायाखालची जमीन गेली त्या गोंडास तो कागद वाचता येत नव्हता. 1940 साली जोडेघाट येथे कोमराम भीम गोळीबारात मारला गेला, तेव्हा कोठे या असंतोषाची कारणे शोधण्याची बुद्धी सरकारला झाली.

हे काम ज्यांच्याकडे आले ते क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म 1909 सालचा. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, व त्यांच्या हालचाली हैदराबाद संस्थानापुरत्या मर्यादित झाल्या. मारलवाई या गोंड खेड्यात पत्नी बेटी यांच्यासह त्यांनी मुक्काम केला आणि ते गोंडी शिकले. परदेशी अभ्यासकाचा हा पहिला धडा व्यवहाराचाच असणार: पाण्यास ‘येर’, घरास ‘रोन’, गावास ‘नार’. आपल्या मराठी विद्यार्थ्यास यापुढे एक अडचण पडते. मराठीत लिंगे तीन. गोंडीत पुरुष एका वर्गात, तर स्त्री व वस्तू दुसऱ्या वर्गात. ही द्राविड भाषा आहे, हे अशा चुकांतूनच मनावर ठसते.

1943 साली मारलवाईस गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र निघाले. तेथे गोंडी वाचनपाठ तयार झाले ते देवनागरी लिपीत. कारण ज्या थोड्या गोंडांस अक्षरओळख होती, ती मराठीमुळे होती. आमच्या लिपीने अशा रीतीने शेजारभाषेची सेवा केली. मूल आपल्या घरच्या शब्दांवरून अक्षर शिकले, आणि मग पुढची भाषा. आजच्या शिक्षकास हा क्रम नवा वाटण्याचे कारण नाही. नवल एवढेच, की तो पाळला क्वचितच जातो.

याच काळातील दुसरे नाव सेतुमाधवराव पगडी यांचे. मराठी वाचक त्यांस इतिहासकार म्हणून जाणतो. परंतु हैदराबाद सरकारच्या सेवेत असता त्यांनी आदिलाबादच्या गोंडांवर 1949 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कोलामी व गोंडी या भाषांची व्याकरणे लिहिली, त्यांपैकी गोंडीचे 1954 सालचे. अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकावी आणि शिकलेले पुढील शिकाऊ माणसाच्या हाती द्यावे, याहून चांगला कारभार तो कोणता?

1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला, व शाळांत तेलुगूचे महत्त्व वाढले. गोंड मुलाच्या वाट्यास मराठी, उर्दू, तेलुगू अशा भाषा एकामागून एक आल्या. त्याची भाषा शिकण्याची पाळी मात्र फार थोड्यांवर आली. गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीस 2018 साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आता देवनागरीने मागे सरून तिला वाट द्यावी, यात आमच्या लिपीचा कमीपणा नाही.

बेटी 1987 साली वारल्या. त्यांची समाधी मारलवाईस आहे. परक्या मुलखातून आलेली माणसे तेथील मातीची झाली, ती प्रथम तेथील भाषेची झाली म्हणून. आम्ही तर शेजारीच राहतो. गुडीहत्नूरच्या फाट्यावर उभ्या असलेल्या मराठी शिक्षकाने उटनूरकडे वळण्यापूर्वी निदान ‘येर’ हा शब्द शिकून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे. तहान तर त्यालाच लागणार आहे.