काळी, पांढरी आणि प्लॉट

मराठवाड्यात गावाच्या जमिनीचे पूर्वापार दोन भाग : पिकते ती काळी, वस्तीची ती पांढरी. परभणी–परळी लोहमार्गावरच्या पोखर्णीसारख्या गावाबाहेर, नृसिंहाच्या दर्शनाला जाणाऱ्या रस्त्याकडेला, आज प्लॉट घ्यायचा तर तो बहुधा काळीतलाच मिळणार. घर पांढर सोडून काळीत आले, तिथूनच प्लॉटचे न दिसणारे खर्च सुरू होतात, असे माझे मत आहे. पहिला खर्च पायाचा. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पायावर घर उभे केले, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. मग मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तयार केलेल्या, तळाशी फुगीर असणाऱ्या पाइल घाला. जोत्यात परत काळीच भरली, तर पुढे फरशीही उचलते. काळीचा थर किती खोल आहे, हे शेजारच्या विहिरीच्या उघड्या कडेवर सरळ दिसते. भाव ठरवण्याआधी तिथे डोकावावे.

जुन्यांनी घरासाठी काळी टाळून पांढर निवडली म्हणावे, तर कोणी म्हणेल, ती काही जाणून निवडलेली नव्हे. मातीच्या भिंती, चुलीची राख, माळवदाची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून ती तयार झाली. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि असा भराव दबतोही. पण त्यातून एवढे नक्की दिसते, की वस्ती एकाच जागी थरावर थर चढवत राहिली, काळीत पसरली नाही. त्यामुळे काळीवर घर टिकवण्याचा जुना अनुभव गावातल्या गवंड्याकडे मिळेलच असे नाही.

दुसरा खर्च दप्तरातला, आणि तो जास्त घातक. 1948 पर्यंत इथे निजामाचे राज्य होते. 1884 पासून कारभार उर्दूत, साल फसली. शिवारात खालसा, जहागीर, इनाम असे प्रकार होते. 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने बरीच इनामे संपली, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळलेली होती. अशी जमीन परवानगीशिवाय घेतली, तर खरेदीखत टिकत नाही. जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे हस्तांतरावर निर्बंध असलेली, निघाली, तर परवानगी आणि नजराणा आला. म्हणून देवस्थानाच्या गावात हा प्रश्न भावाच्याही आधी विचारला पाहिजे. वकील 30 वर्षांचा सर्च काढतात. मराठवाड्यात तो अपुरा आहे. 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक बघावे, आणि इनामाची शंका असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाचा निजामकालीन दाखलाही, उर्दू वाचणाऱ्याला सोबत घेऊन.

सातबारा आता ऑनलाइन आहे, बिनशेतीचा (एन. ए.) आदेश आहे, मग इतके खोल कशाला, हा आक्षेप नेहमीचा. एन. ए. आदेशाने जमिनीचा वापर बदलतो, मालकी सिद्ध होत नाही. सातबाऱ्यावरची नोंदही जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरतात. वर्ग 2 चा वर्ग 1 कोणत्या फेरफाराने झाला आणि त्यामागे सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आहे का, हे फेरफाराची नक्कल हातात घेतल्याशिवाय कळत नाही. तो आदेश विकणाऱ्याला दाखवता येईना, तर इसार देऊ नये.