मोकळ्या जमिनीचा इतिहास



चार पैसे गाठीला जमले की शहरातल्या माणसाला एखाद्या गावाजवळ मोकळी जागा घेऊन सुटीपुरते घर बांधावेसे वाटते. मुंबईकरांचा डोळा अलिबागकडे फार दिवसांचा आहे. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सेतू खुला झाला, आणि ही ओढ वाढली. तिला नावे ठेवायला मी उभा राहिलेलो नाही. दमल्याभागल्या माणसाला सावली हवीच. पण 'मोकळी जमीन विकणे आहे' अशी पाटी दिसली की मला एक जुनी हकीकत आठवते. ती आज आपल्यापुढे ठेवतो.

अलिबाग तालुक्यात पोयनाडजवळ चरी नावाचे गाव आहे. हा मुलूख त्या काळी कुलाबा जिल्ह्यात मोडे. आज तो रायगड जिल्हा. तिथल्या भातजमिनी बहुतांशी खोत-सावकारांच्या, आणि कसणारी कुळे गरीब. नांगर धरावा कुळाने, खाडीचे खारे पाणी अडवणारे बांध राखावेत कुळाने, आणि खळ्यावरून धान्याचा मोठा वाटा न्यावा खोताने, अशी रीत होती. वेठ निराळीच. नारायण नागू पाटील यांनी गावोगाव हिंडून या कुळांची संघटना बांधली. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला सभा भरली आणि पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांचा संप सुरू झाला.

मी कामगारांच्या संपांत वावरलेला माणूस आहे. गिरणी बंद पडली तर महिन्याचा पगार बुडतो. पण एक पावसाळा हुकला की शेतकऱ्याचे वर्ष बुडते. चरीकरांनी असे एक नव्हे, लागोपाठ पाच-सहा पावसाळे जाऊ दिले. हाताशी जमीन असून तिच्यात बी टाकले नाही. रानातल्या मोळ्या विकून, मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. १९३४ साली चरीच्या शेतकरी परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. १९३७ साली त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. पुढे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी लक्ष घातले आणि १९३९ साली संप मिटला. त्याच साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, १९४८ साली अधिक भक्कम कुळकायदा आला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारे कूळ जमिनीचा मालक ठरू लागले.

म्हणजे ही जमीन एकदा खरोखरच मोकळी पडली होती. ती हक्कासाठी मुद्दाम मोकळी ठेवली होती. आज तिच्यातले काही तुकडे पुन्हा मोकळे दिसतात, ते गिऱ्हाइकाच्या वाटेकडे डोळे लावून. मुले शहरात गेली, भातात खर्च निघत नाही, भाऊहिश्शांनी तुकडे झाले. विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या घरी लग्न किंवा आजारपण असते, ते आपल्याला दिसत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच की, जागा पाहायला जाल तेव्हा समुद्र किती दूर आहे हे विचारण्याआधी तलाठ्याकडचा सात-बारा वाचा, आणि त्यामागचे जुने फेरफारही वाचा. कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा असतो. २०१४ च्या दुरुस्तीने हे बंधन सैल झाले आहे, तरी शेरा पुसला म्हणून इतिहास पुसला जात नाही. ही कलमे दलालाला अडचण वाटतात. मला ती त्या बुडालेल्या पावसाळ्यांची पावती वाटते.

एवढे वाचून व्यवहार सरळ वाटला तर खुशाल घर बांधा. मात्र रास्त भाव द्या, गावाची वहिवाटीची वाट आणि पाण्याचा ओहोळ कुंपणात घेऊ नका, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला एकदा ओटीवर बोलावून विचारा, "इथं पूर्वी काय पिकत होतं?" त्याच्या उत्तरानंतर आपल्या दस्तात मोकळी म्हणून लिहिलेली ती जागा आपल्याला मोकळी वाटणार नाही.