एका घोटाचा इतिहास

मंडळी, आज आपण गिळण्याबद्दल बोलू. तत्त्वज्ञानाच्या माणसाचा हा विषय नव्हे, असं वाटेल. पण यात जबाबदारीचा जुना प्रश्न दडलेला आहे.

पक्षाघाताच्या जवळपास निम्म्या रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांत गिळताना त्रास होतो. घरचं माणूस मायेनं घोटभर पाणी पाजतं आणि ते श्वासनलिकेत उतरतं. कधी ठसका लागतो, कधी तोही लागत नाही. मागाहून न्यूमोनिया होतो.

दुखणं ठाऊक होतं. १८९५ साली जर्मन डॉक्टर वालेनबर्ग यांनी मेंदूच्या देठातल्या आघाताचं वर्णन केलं, त्यात गिळता न येणं आहेच. पण त्यावरच्या उपचारांची स्वतंत्र शाखा उभी राहायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. १९८३ साली अमेरिकेत जेरी लोगेमन यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. त्या वाचा-उपचारतज्ज्ञ. बोलणाऱ्यांच्या शास्त्राचा गिळण्याशी काय संबंध? अहो, ओठ, जीभ, स्वरयंत्र तेच की! बेरियम मिसळलेला छोटा घास द्यायचा आणि क्ष-किरणांखाली त्याची वाट पाहायची. म्हणजे क्ष-किरणतज्ज्ञही सोबत आले. १९८८ साली सुसान लँगमोर आणि सहकाऱ्यांनी नाकातून दुर्बीण घालून तपासायची पद्धत मांडली. आहारतज्ज्ञ, परिचारिका, डॉक्टर असा चमू जमत गेला.

पण सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, असं होतं ना? इथे २०११ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला प्रयोग पाहा. न्यू साउथ वेल्समधले १९ पक्षाघात विभाग. त्यांतल्या काहींत परिचारिकांच्या पुढाकारानं तीनच गोष्टी नेटानं केल्या : ताप, साखर आणि गिळण्याची तपासणी. नव्वद दिवसांनी मृत किंवा परावलंबी झालेले रुग्ण तिथे ४२ टक्के होते, इतरत्र ५८. हे श्रेय एकट्या गिळण्याच्या तपासणीला देता येणार नाही, तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. नवं औषध मात्र एकही नव्हतं. पहिलं पाऊल कुणी टाकायचं, एवढं ठरलेलं होतं.

पुढे भाषाही ठरली. ‘पातळ’ म्हणजे स्वयंपाकघरात एक आणि वॉर्डात दुसरंच, असं होऊ नये म्हणून पेय-अन्नाच्या शून्य ते सात अशा आठ आंतरराष्ट्रीय पायऱ्या आखल्या गेल्या.

या चमूत आपणही आहोत, बरं का. तहानलेल्याला पाणी देणं हे आपण पुण्य मानतो. पण तपासणी होईपर्यंत तो पेला हातातच धरून ठेवणं, हीसुद्धा माया आहे. आपल्याला ती शिकावी लागेल.