साकव कधी बांधतलास?

१९५७ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे. पेटीवर चिन्ह लावलेलं. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत मतपत्रिका टाकायची, शिक्का मारायची भानगड नाही. आमचे आजोबा, आप्पा, प्राथमिक शाळेत मास्तर. मतदान केंद्रावर त्यांची ड्यूटी लागली होती, त्यामुळे पेट्यांचं वर्णन ते फार बारकाईनं करत. आजीला पेट्यांचं काही नव्हतं. ती सांगायची ते मतदानाआधीच्या एका रात्रीचं.

गाव तेव्हा राजापूर लोकसभा मतदारसंघात. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै प्रजासमाजवादी पक्षाकडून तिथून पहिल्यांदा निवडून आले ते याच निवडणुकीत. त्यांच्या वक्तृत्वाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि ते रास्तच. पण लोक उलट काय विचारत, ते लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. ते घराघरांतल्या म्हाताऱ्यांकडेच राहिलं.

आजीच्या गोष्टीतला उमेदवार विधानसभेचा. गावाला गाडीरस्ता नव्हता, म्हणून तो घाटी उतरून चालत आलेला. रवळनाथाच्या देवळासमोर गॅसबत्तीच्या उजेडात सभा. संयुक्त महाराष्ट्रावर तासभर भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि बायकांमधून आजीची चुलत जाऊ उठली. "बाकीचा ऱ्हवांदे. साकव कधी बांधतलास, ता सांगा." आदल्या पावसात साकव वाहून गेला होता आणि तिची सून अडलेली असताना सुईण व्हाळापलीकडेच राहिली होती. उमेदवार म्हणाला, लोकल बोर्डाला लिहितो. ती बसेना. "तो व्हाळ तुमी बघलास काय?"

नाही, असं त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं. रात्री गावातच मुक्काम, पेज आणि सुकं बांगड्याचं. सकाळी आप्पांसकट दहाबारा जणांनी त्याला व्हाळावर नेलं. धोतर खोचून तो पाण्यात उतरला, उरलेला एक खांब हलवून पाहिला आणि म्हणाला, लाकडाचा साकव दरसाल जाणार, इथं दगडी खांब हवेत. पण बोर्ड पैसे देईल असं वचन मी देत नाही. आजीच्या मते त्या नकारानंच त्याला गावाची मतं मिळाली.

मला यात त्या बाईच्या धिटाईइतकीच जागा महत्त्वाची वाटते. कोकणात देवाला गाऱ्हाणंसुद्धा चारचौघांत घालतात. एक बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मग ते एकट्याचं राहत नाही. देवळासमोर विचारलेला साकव असाच साऱ्या गावाचा झाला.

आता घाटीचा डांबरी रस्ता झालाय आणि उमेदवाराची गाडी थांबत नाही. कारणं खरी आहेत. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत पूर्वी किमान २० दिवस मिळत. १९९६ साली कायदा बदलून ते १४ केले. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघच संपला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. चौदा लाखांवर मतदार. प्रत्येक वाडीत मुक्काम कोण करणार? पण तालुक्याला एक खुली सभा, हातात माइक मतदाराच्या, एवढं चौदा दिवसांत बसतं. ते होत नाही, कारण तिथं 'नाही' म्हणावं लागतं, आणि ते सगळ्यांना ऐकू जातं.

२०२४ च्या मे महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं. ती चर्चा झाली नाही. हळहळ वाटली; पण ती झाली असती तरी आमच्या वाडीचा प्रश्न तिथं कोण मांडणार होतं?

त्याच वर्षी प्रचाराची एक गाडी तिठ्यावर आली तेव्हा मी पुढे झाले. आमच्या आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नसतो, हे विचारायचं होतं. कार्यकर्ता अदबीनं म्हणाला, "ताई, नंबर द्या, तुमचं काम करून देतो." संध्याकाळी खरोखर फोन आला: पेशंट कोण, कुठल्या हॉस्पिटलात खाट हवी? पेशंट कुणीच नव्हता. एकेकट्याला गाठून उपकार करायची ही पद्धत मला गाडी न थांबण्यापेक्षा वाईट वाटते. खाट मिळालेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, आणि रात्रीचा डॉक्टर येत नाही तो नाहीच.

वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनी आता ठरवलंय: पुढच्या निवडणुकीत झाडून सगळ्या उमेदवारांना एकाच संध्याकाळी देवळासमोर बोलवायचं. हार नाहीत, भाषण पाच मिनिटं, मग प्रश्न. जो येणार नाही त्याच्या नावाची खुर्ची रिकामी मांडायची. डॉक्टरचा प्रश्न मी विचारायचा, असं त्यांनीच ठरवून टाकलंय.