परत येणारे सोबती

रूढ साच्यातील कलाकृतीचे मोल कसे करावे, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली आणि तिच्यामागून अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांगच लागली. वाचकांनी त्या आवडीने वाचल्या. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांवरील आपल्या निबंधात त्यांतील असंभाव्यतेवर बोट ठेवले. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन प्रवृत्ती मानून मराठी कादंबरीचा विचार मांडला. त्यातही मनाचा पहिला मान ‘यमुनापर्यटन’चाच राहिला. वाचकाची आवड आणि समीक्षकाची नापसंती यांच्यातला हा जुना तंटा आपल्या काळात एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उभा राहिलेला दिसतो: जपानी भूमिकाप्रधान व्हिडिओगेममध्ये.

आपल्याकडे हा प्रकार उशिरा पोहोचला. १९९० च्या दशकात घरोघरी आलेल्या नकली फॅमिकॉम यंत्रांवर मारिओ होता, कॉन्ट्रा होता. पण ज्या खेळात पानेच्या पाने संवाद वाचावे लागतात, तेही जपानीत, तो त्या काडतुसांत येणे शक्यच नव्हते. म्हणून थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. २७ मे १९८६ रोजी एनिक्स या कंपनीने जपानमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ बाजारात आणला. रचना युजी होरी यांची, चित्रे अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचे. एक राजा, एक हरवलेली राजकन्या, एक दुष्ट ड्रॅगनराज आणि पूर्वजांचा वारसा सांगणारा एक तरुण. खेळ जिथे सुरू होतो त्या राजवाड्यातूनच पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. तिथे पोहोचायला मात्र सारे जग फिरून यावे लागते. पुढील भागांत नायकाला सोबती मिळाले. तेव्हापासूनचा साचा असा: गाव, सराय, गुहा, पाळीपाळीने होणारी लढाई, हळूहळू वाढणारी शक्ती आणि शेवटी महाशत्रू. यात ‘मुक्तामाले’च्या वाचकाला परके वाटेल असे काय आहे?

परके आहे ते मरणाचे प्रकरण. पहिल्या खेळात नायक मेला की तो राजासमोर पुन्हा उभा राहतो. फक्त पदरचे अर्धे सोने जाते. दुसऱ्या भागापासून मेलेला सोबती शवपेटी होऊन इतरांच्या मागून फरफटत येतो, आणि देवळात पैसे भरले की उठून चालू लागतो. खेळ जिथे थांबवला तिथून पुढे सुरू करण्यासाठी पहिल्या जपानी आवृत्तीत वीस अक्षरे वहीत उतरवून ठेवावी लागत. त्या अक्षरमालेचे नावच ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ असे होते. एक अक्षर चुकले की मंत्र फळत नसे. (पाठभेदाचे महत्त्व विद्यार्थ्यांना पटवायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.)

या परंपरेतला अकरावा खेळ २०१७ साली आला आणि साचा त्याने जवळजवळ जसाच्या तसा ठेवला. त्याचे कौतुक भरपूर झाले, तक्रारीही झाल्या. नायक अवाक्षर बोलत नाही. संगीत यांत्रिक वाटते (२०१९ च्या आवृत्तीत वाद्यवृंद आणून ही तक्रार मिटवण्यात आली). कथेचे पुढचे वळण आधीच कळते. यांपैकी शेवटची तक्रार मला मुळीच गंभीर वाटत नाही. पुढचे ठाऊक असणे हा कीर्तनात कधी दोष ठरला आहे काय? साच्याचे सुख ओळखीत असते, आणि या खेळाला ते सुख द्यायची लाज वाटत नाही, हे त्याचे बळ आहे.

खरा वाद निराळ्या ठिकाणी आहे. कथेच्या मध्यावर जग उद्ध्वस्त होते. सोबत्यांना वाचवताना व्हेरोनिका नावाची जादूगार मुलगी मरते, आणि या वेळी देऊळ उपयोगी पडत नाही. तिची जुळी बहीण सेरेना आपले लांब केस कापून टाकते व पुढे चालू लागते. इथे साच्याने स्वतःचाच नियम मोडला, म्हणून हे मरण खरे वाटते. पण महाशत्रू पडल्यावर खेळ आणखी एक दार उघडतो: नायकाने काळात मागे जावे आणि व्हेरोनिकाला मरूच देऊ नये. अनेक खेळाडूंना हे वरदान वाटले, अनेकांना विश्वासघात.

दोन्ही पक्षांना आधार आहे. सावित्रीने सत्यवानाला परत आणले ते कोणी स्वस्त म्हणत नाही, कारण ती यमाशी बोलून, पावलोपावली जिंकत जाते. इथल्या नायकालाही किंमत मोजावी लागते: त्या काळातल्या सोबत्यांना सोडून तो एकटा मागे जातो. परंतु ते सोबती ज्या जगात राहिले त्याचे काय झाले, याकडे खेळ फारसा वळून पाहत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे. मेलेली परत आली याला हरकत नाही. तिच्याविना जगायला शिकलेली माणसे मात्र पुसली गेली.

हे वाचताना मुरबाड-शहापूरकडच्या वाचकाला सिद्धगड आठवला तर नवल नाही. तिथल्या कथेचा आकार हुबेहूब हाच आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारला. दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. मागे पोलीस लागले. रानातून आसरा शोधत ही माणसे सिद्धगडाच्या जंगलात आली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी घातलेल्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. नायक, सोबती, फितुरी, डोंगर, पहाट. २०२० साली या विषयावर चित्रपट निघाला तोही रूढ वीरकथेच्या वळणानेच, आणि त्यात गैर काही नाही. दरवर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडापाशी जमतात, तेव्हा सांगितली जाणारी कथा पाठच असते. तशी ती असते म्हणूनच पुढच्या पिढीच्या तोंडी बसते.

साचा एकच, पण इथे तो दोन उलट कामे करतो. सिद्धगडावर दरवर्षी त्याच पहाटेपर्यंत यायचे असते, तिच्या मागे जायचे नसते. आणि खेळात, काळ मागे वळल्यावर सेरेना पुन्हा भेटते तेव्हा तिचे केस लांबच असतात. ते कधी कापले होते, का कापले होते, यातले तिला काहीच ठाऊक नसते.