कागदी घोडे आणि वऱ्हाडचे भवितव्य

सरकारी पत्रव्यवहाराला 'कागदी घोडे' म्हणण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. काम काही होत नाही, नुसते कागद या कचेरीतून त्या कचेरीत फिरतात, असा त्याचा अर्थ. हा शब्द अनुभवातून आलेला आहे, म्हणून तो खोटा म्हणता येणार नाही. परंतु तो पुरता खराही नाही. आपला वऱ्हाड प्रांत, म्हणजे आजचे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशीम हे जिल्हे, कोणाच्या अमलाखाली राहायचा, येथे कोणते कायदे चालायचे आणि येथील मुलांनी कोणत्या भाषेत शिकायचे, हे रणांगणावर कमी आणि टपालाच्या थैलीत जास्त ठरले आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात लढाया आणि तह येतात. त्या तहांच्या आधीची आणि नंतरची पत्रे येत नाहीत. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे हा विषय मांडावासा वाटतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अर्ज, मसुदा, दस्तऐवज, दफ्तर, शेरा, हुकूम हे मराठी कारभारातील रोजचे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. म्हणजे लेखी कारभाराची परंपरा आपल्याला परकी नाही. ती आपल्या घरातलीच आहे, आपण ती विसरलो आहोत इतकेच.

निजामाची पत्रे

सन १८५३ मध्ये इंग्रजांनी हैदराबादच्या निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च थकला होता. त्या कर्जापोटी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कारकीर्दीत हा तह झाला आणि वऱ्हाडबरोबर धाराशिव व रायचूर दुआबही इंग्रजांकडे गेले. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांच्या ताब्यातच राहिला. कागदोपत्री मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

हैदराबादचे थोर दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून अनेक वर्षे पत्रामागून पत्र लिहिले. फौजेच्या खर्चासाठी रोख रक्कम ठेव म्हणून देण्याचीही तयारी त्यांनी दाखविली. उत्तरे येत गेली, परंतु त्यांत विषय पुढे ढकललेला असे. निजाम अल्पवयीन आहेत, ते सज्ञान होईपर्यंत या प्रश्नाचा विचार करता येत नाही, असे शेवटी विलायतेहून कळविण्यात आले. १८८३ मध्ये सालारजंग वारले. पुढे ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांनी निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी करार केला आणि सालीना २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. निजामांना जी. सी. बी. हा किताब मिळाला, तेव्हा त्या तीन अक्षरांचा अर्थ 'कर्झनला बेरार दिला' असा होतो, अशी कोटी लोक करू लागले.

यानंतरचा पत्रव्यवहार अधिक महत्त्वाचा आहे. २५ ऑक्टोबर १९२३ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना सविस्तर पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला. वऱ्हाडच्या जनतेला जबाबदार राज्यपद्धती देऊ, असे आश्वासनही त्यांनी दिले. मार्च १९२५ मध्ये नकार आला. त्यावर सप्टेंबर १९२५ मध्ये निजामांनी पुन्हा लिहिले की, परराष्ट्रविषयक बाबी सोडल्या तर अंतर्गत कारभारात आपण ब्रिटिश सरकारइतकेच स्वतंत्र आहोत. या वाक्याने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. २७ मार्च १९२६ रोजी लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर धाडले की, हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करता येणार नाहीत.

मागणी होती वऱ्हाडची. उत्तर मिळाले ते सर्व हिंदुस्थानच्या संस्थानांना. देशभरातील संस्थानिक अस्वस्थ झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२७ मध्ये, संस्थानांचे सरकारशी नाते तपासण्यासाठी बटलर समिती नेमावी लागली. एका प्रांतासंबंधीच्या चार पत्रांतून संपूर्ण देशाचे धोरण लेखी स्वरूपात पुढे आले. नकाराचे पत्रसुद्धा धोरण घडविते, ते असे. अखेर २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने निजामाची नाममात्र सत्ता मान्य झाली, निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, आणि प्रत्यक्ष कारभार मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताकडेच राहिला.

या साऱ्यात वऱ्हाडच्या रयतेचे स्थान कोठे होते? वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. त्यामुळे विधिमंडळात मंजूर झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलच्या सरकारने अधिसूचना काढली म्हणजे तो लागू होई. वऱ्हाडातून निवडून दिलेल्या प्रतिनिधीलाही कौन्सिलात बसण्यासाठी तांत्रिकदृष्ट्या सरकारची नेमणूक लागे. अमरावती-अकोल्याच्या मतदाराने मत द्यावे आणि त्या मताला वजन यावे ते एका सरकारी कागदाने, अशी ही स्थिती होती. आपल्याविषयी दोन सत्ता पत्रे लिहीत होत्या, आपले पत्र मात्र त्या फाईलमध्ये जवळजवळ नव्हते. पत्र न लिहिणाऱ्याचे भवितव्य दुसऱ्याच्या पत्रात लिहिले जाते, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे.

तालीम आणि सरकारी ठराव

आता शिक्षणाकडे वळू. ऑगस्ट १८७१ मध्ये लॉर्ड मेयो यांच्या सरकारने मुसलमानांच्या शिक्षणाविषयी ठराव करून प्रांतिक सरकारांकडे अभिप्राय मागविले. उत्तरे आली, १८७३ मध्ये पुन्हा एक ठराव झाला, परंतु प्रगती संथच होती. १८८२ मध्ये सय्यद अमीर अली यांच्या नॅशनल मोहमेडन असोसिएशनने लॉर्ड रिपन यांना निवेदन सादर केले. त्या निवेदनाचे नशीब पाहण्यासारखे आहे. ते प्रांतिक सरकारांकडे अभिप्रायासाठी गेले, हंटर शिक्षण आयोगापुढे गेले, आणि १५ जुलै १८८५ रोजी हिंदुस्थान सरकारने त्यावर ठराव प्रसिद्ध केला. शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालात मुसलमानांच्या शिक्षणाविषयी स्वतंत्र भाग असावा, असे त्यातून ठरले. वरवर ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु अहवालात ज्याचा रकाना असतो त्याची दरवर्षी मोजदाद होते, आणि ज्याची मोजदाद होते त्याच्याबद्दल अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

दुसरे उदाहरण स्वातंत्र्यानंतरचे आहे. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. विदर्भाचा प्रश्नही त्याच्यापुढे होता आणि आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती मान्य झाली नाही. १९५६ मध्ये आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. या आयोगाकडे १,५२,२५० निवेदने व तारा आल्या होत्या. आयोगाने नोंदविले आहे की त्यांपैकी विचारपूर्वक तयार केलेली निवेदने सुमारे २,००० पेक्षा अधिक नव्हती. दीड लाख कागदांतून दोन हजार! बाकीचे कागद मोजले गेले, अभ्यासले गेले ते एवढेच.

याच आयोगाच्या शिफारशींतून १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तो सांगतो. आपल्या गावातील उर्दू प्राथमिक शाळेच्या मागे हे कलमही उभे आहे, हे किती पालकांना ठाऊक असेल? अनुच्छेद ३५० तर याहून साधा आहे. गाऱ्हाणे मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क तो प्रत्येकाला देतो. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण उरत नाही.

अलीकडचा काळ

९ मार्च २००५ रोजी पंतप्रधान कार्यालयाच्या अधिसूचनेने न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती नेमली गेली. समितीने सरकारी खाती, बँका आणि राज्ये यांच्याकडून आकडे मागविले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रमासाठी देशातील ९० जिल्हे निवडले गेले. त्यांत वऱ्हाडातील बुलडाणा आणि वाशीम हे दोन जिल्हे होते. शालेय मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही सुरू झाली.

परंतु कागद जे देतो ते कागदच परतही घेतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाच्या एका सूचनेने पहिली ते आठवीची ही शिष्यवृत्ती बंद झाली. शिक्षण हक्क कायद्याने या इयत्तांचे शिक्षण मोफतच आहे, असे कारण देण्यात आले. अनेक पालकांचे त्या वर्षीचे अर्ज तेव्हा भरून झाले होते. डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचे लोकसभेतील एका लेखी उत्तरातून देशाला कळले. दोन्ही वेळा नवा कायदा करावा लागला नाही. एक सूचना आणि एक उत्तर पुरेसे झाले.

तेव्हा आपण काय करावे? आमदार-खासदारांकडे आपण जातो ते बहुधा ओळखीसाठी किंवा शिफारशीसाठी. त्यांचे पत्र मंत्र्यांकडे जाते, मंत्री त्यावर शेरा मारतात, तो कागद सचिवांकडून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत उतरतो. पण त्या पत्रात लिहायचे काय, हे आपणच त्यांच्या हाती दिले पाहिजे. पटसंख्या किती, मंजूर शिक्षक किती, रिक्त जागा किती, कोणत्या शासन निर्णयानुसार त्या भरावयास हव्यात, एवढे चार आकडे एका पानावर असले तर लोकप्रतिनिधीला त्यावर तारांकित प्रश्नही विचारता येतो, आणि सभागृहात दिलेले आश्वासन नोंदले जाते. आकडे मिळत नसतील तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.

विद्यार्थ्यांनी तर पत्रलेखनाचा धडा केवळ गुणांसाठी पाठ करू नये. विषय एका ओळीत लिहिणे, मागणी एकच आणि स्पष्ट ठेवणे, तारीख घालणे, प्रत जपून ठेवणे, कचेरीतून आवक क्रमांक घेणे आणि उत्तर न आल्यास पहिल्या पत्राचा हवाला देऊन दुसरे लिहिणे, ही साधी शिस्त आहे. सालारजंगांसारख्या मुत्सद्द्यालाही पत्रांनी यश दिले नाही, हे खरे. पत्राने सर्व काही मिळते असे इतिहास सांगत नाही. पण लिहिलेला कागद फाईलमध्ये राहतो, पुढच्या पिढीला त्याचा आधार घेता येतो. न लिहिलेल्या गाऱ्हाण्याचा मात्र कोणत्याही दफ्तरात ठावठिकाणा नसतो.

आपल्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला एक नेमका, निर्भय आणि अदबशीर अर्ज लिहिता आला, तर वऱ्हाडविषयीच्या पुढच्या फाईलमध्ये आपलेही पत्र असेल.