जाहिरातरंगी इंजिनांच्या लघुप्रतिकृती आणि सातारा-सांगली परिसराची रेल्वेस्मृती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

इतिहासलेखनात कागदपत्रे, शिलालेख व नाणी यांना साधन म्हणून जे स्थान मिळाले, ते खेळणी व छंदवस्तू यांना सहसा मिळत नाही. वस्तुतः एखाद्या समाजाने कोणती यंत्रे पाहिली, त्यांवर कोणती अक्षरे वाचली आणि त्यांपैकी काय जपून ठेवावेसे त्याला वाटले, हे समजण्यासाठी अशा वस्तू फार उपयोगी पडतात. रेल्वे इंजिनांच्या लघुप्रतिकृती, विशेषतः व्यापारी जाहिरातींच्या रंगांत रंगविलेल्या इंजिनांच्या प्रतिकृती, हा असाच एक दुर्लक्षित साधनप्रकार होय. प्रस्तुत लेखात या संग्रहप्रकाराचा उगम व त्याचे ऐतिहासिक मूल्य तपासून सातारा व सांगली जिल्ह्यांतील रेल्वे, उद्योग आणि जाहिरात यांच्या संबंधाकडे त्या दृष्टीने पाहिले आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) जाहिरातरंगी प्रतिकृतींच्या संग्रहाची परंपरा थोडक्यात मांडणे.
२) ऐतिहासिक साधन म्हणून अशा प्रतिकृतींची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करणे.
३) सातारा-सांगली परिसरात रेल्वे व जाहिरात यांचे नाते कोणत्या स्वरूपात घडले याचा शोध घेणे.

संग्रहपरंपरेचा उगम

रेल्वेच्या वाहनांवर व्यापाऱ्याचे नाव रंगविण्याची प्रथा ब्रिटनमध्ये जुनी आहे. तेथे कोळशाच्या व्यापाऱ्यांचे स्वतःच्या मालकीचे डबे असत व त्यांवर मालकाचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले असे. फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० मध्ये खेळण्यातील आगगाड्या बाजारात आणल्या आणि लवकरच बिस्किटे, मोहरीची पूड, खनिज तेल यांच्या प्रसिद्ध उत्पादकांची नावे असलेले छोटे डबेही काढले. कोलमन्स मस्टर्डच्या नावाचा पिवळा डबा अल्पकाळच विक्रीत होता; त्यामुळे आज तो संग्राहकांना विशेष मोलाचा वाटतो. १९४८ मध्ये ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि खाजगी मालकीच्या डब्यांची ती रंगीत दुनिया मावळली. कित्येक लहान व्यापाऱ्यांची नावे मात्र प्रतिकृतींच्या रूपाने आजही टिकून आहेत.

इंजिनच जाहिरातीचे माध्यम बनले ते मुख्यतः १९९० च्या दशकात. स्वित्झर्लंडच्या संघराज्य रेल्वेने ‘आरई ४६०’ वर्गाची ११९ विद्युत इंजिने घेतली होती. सपाट व रुंद बाजूंमुळे ती चालत्या फलकासारखी वापरणे सोयीचे ठरले आणि त्या दशकाच्या मध्यापासून निरनिराळ्या कंपन्यांच्या रंगांत ती धावू लागली. जर्मनी व ऑस्ट्रिया येथेही अशी इंजिने आली. २००८ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या वेळी ऑस्ट्रियन रेल्वेने सहभागी संघांच्या ध्वजरंगांत इंजिने रंगविली होती.

या घडामोडींचा प्रतिकृती बनविणाऱ्यांनी त्वरित लाभ घेतला. १८५९ मध्ये स्थापन झालेली जर्मनीतील मेर्कलिन ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी. प्रतिकृतीच्या निर्मितीत सर्वाधिक खर्च साच्यावर होतो. एकदा साचा तयार झाला की त्याच सांगाड्यावर वेगवेगळी रंगयोजना छापून अनेक आवृत्त्या काढता येतात. मऊ सिलिकॉनच्या गादीने कोरीव पट्टीवरील शाई उचलून ती वक्र पृष्ठभागावर उमटविण्याच्या तंत्रामुळे अतिसूक्ष्म अक्षरेही सुवाच्य छापता येतात. मात्र प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र पट्टी लागते. अशा रीतीने एकाच इंजिनाच्या अनेक प्रतिकृती जमविणारा संग्राहकवर्ग निर्माण झाला. त्याची वृत्ती टपाल तिकिटांच्या संग्राहकाशी मिळतीजुळती आहे : आकार तोच, पण चित्र, क्रमांक आणि काळ निराळा.

साधन म्हणून मूल्य व मर्यादा

जाहिरातरंगी इंजिनाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे क्षणभंगुरत्व. कराराची मुदत संपताच इंजिनावरचे चिकटवलेले आवरण उतरते व तेच इंजिन नवा पोशाख चढविते. त्यामुळे मूळ वस्तू अस्तित्वात असूनही तिचे विशिष्ट काळातील रूप कायमचे नष्ट होते. छायाचित्रात बहुधा एकच बाजू दिसते. प्रतिकृतीत दोन्ही बाजू, छप्पर, इंजिनक्रमांक व अक्षरांचे वळण एकत्र जतन होते. कोणत्या वर्षी कोणता व्यवसाय जाहिरातीवर खर्च करीत होता, सार्वजनिक रेल्वेने आपल्या पृष्ठभागाचे व्यापारी मूल्य केव्हा ओळखले, अशा प्रश्नांसाठी हे साधन बोलके ठरते.

तथापि त्यास मर्यादाही आहेत. ‘मर्यादित आवृत्ती’ या नावाखाली उत्पादक दुर्मिळता मुद्दाम निर्माण करतात. जे विकले जाईल तेच जतन होते; मालगाडीचे सामान्य, काजळलेले इंजिन मागे राहते. शिवाय ज्या देशांत हा छंद मोठ्या प्रमाणावर आहे, त्याच देशांची रेल्वे प्रतिकृतींत अधिक उतरते. हा शेवटचा मुद्दा सातारा-सांगलीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रातील प्रयत्न

महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक स्वरूप देण्याचे श्रेय पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांना जाते. कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथे एका छोट्या नगरीच्या पार्श्वभूमीवर वाफेच्या इंजिनापासून अतिजलद गाडीपर्यंतच्या प्रतिकृती सिग्नलांच्या नियंत्रणाखाली धावताना दिसतात. खाजगी छंदातून उभी राहिलेली ही संस्था विद्यार्थ्यांना रेल्वेचे कार्य समजावून देते, हे तिचे शैक्षणिक योगदान होय.

प्रत्यक्ष भारतीय रेल्वेतही इंजिन व डब्यांच्या बाह्यभागावर जाहिरात करण्याचा विचार पुढे गेला. जानेवारी २०१७ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या कार्यकाळात भाडेतर उत्पन्नाचे धोरण जाहीर झाले आणि त्यात गाड्यांवरील जाहिरातींना स्थान मिळाले. म्हणजे युरोपात दोन दशकांपूर्वी रुळलेली कल्पना येथे धोरण म्हणून अवतरली. परंतु रेल्वे आणि जाहिरात यांचा संबंध या भूमीत त्याहून पुष्कळ जुना आहे. फक्त त्याचे रूप वेगळे होते.

स्थानकाचे नाव हीच जाहिरात

पुणे-मिरज हा मीटरगेज मार्ग सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात बांधला. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत विलीन झाली. या मार्गालगत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे उद्योग उभे राहिले, त्यांनी दक्षिण महाराष्ट्राचे अर्थजीवन बदलून टाकले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींच्या साहाय्याने लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडलरोड स्थानकाजवळील माळावर कारखाना व वसाहत वसविली. पुढे स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. आज हे स्थानक सांगली जिल्ह्यात आहे. कराड स्थानकाजवळ ओगले बंधूंच्या काचकारखान्याची ओगलेवाडी वसली आणि तेथील ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. सातारारोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर व इंजिने बाहेर पडू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले.

येथे लक्षणीय बाब अशी की, या उद्योगांची नावे रेल्वे इंजिनावर रंगली नाहीत, तर ती भूगोलात उतरली. उद्योगाचे नाव स्थानकाच्या पाटीवर, वेळापत्रकात आणि तिकिटावर छापले जाणे ही कोणत्याही रंगीत आवरणापेक्षा अधिक टिकाऊ प्रसिद्धी होती. किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. उद्योगाची माहिती देण्यासाठी निघालेल्या या पत्राचे पुढे मराठीतील एका महत्त्वाच्या मासिकात रूपांतर झाले. अर्थात या परिसरातील जाहिरात ही निव्वळ विक्रीची हाक नव्हती. ती वसाहत, वाचन आणि स्वदेशी उद्योगाचा अभिमान यांच्याशी निगडित होती. युरोपातील जाहिरात-इंजिनाचे नाव मुदत संपताच पुसले जाते. किर्लोस्करवाडीचे नाव एका शतकानंतरही गाडी थांबताच वाचले जाते.

मिरजेचे तीन मार्ग आणि हरवलेली प्रतिकृती

मिरज हे या प्रदेशाचे प्रमुख जंक्शन. येथून कोल्हापूर संस्थानची रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा धावू लागला आणि ही अडीच फुटी नॅरोगेज १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. पुणे-मिरज मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर १९७१ पर्यंत पूर्ण झाले. त्यानंतर १९९० च्या दशकात मीटरगेज जाईपर्यंत मिरजेत तिन्ही मापांचे रूळ एकत्र नांदत होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर नॅरोगेजही इतिहासजमा झाली.

प्रतिकृतींच्या जगात या वारशाचे काय झाले, हे एका साध्या गणिताने कळते. सर्वाधिक प्रचलित असलेले ‘एचओ’ प्रमाण १:८७ असून त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात. हे अंतर युरोपच्या १४३५ मिलिमीटर मापाशी तंतोतंत जुळते. भारतीय ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर या प्रमाणात १९.३ मिलिमीटर होते. म्हणून तयार रुळांवर चालणारी भारतीय इंजिनाची प्रतिकृती पायाशी अरुंद करावी लागते. उलट बार्शी लाइटचे ७६२ मिलिमीटर अंतर ८.८ मिलिमीटर होते व बाजारात मिळणाऱ्या ९ मिलिमीटरच्या रुळांवर ते जवळजवळ अचूक बसते. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मिरजेची हरवलेली नॅरोगेज हीच लघुरूपात साकारण्यास सर्वांत सोपी आहे.

तरीही घडले ते उलटे. कॅलथ्रॉप यांनीच बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे १९०४ मध्ये उभारली. तिची इंजिनेही बार्शीच्या पहिल्या इंजिनांप्रमाणे लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधली. सुमारे आठ मैलांची ही रेल्वे तीस वर्षांतच, १९३४ मध्ये बंद पडली. परंतु ब्रिटिश छंदिष्टांनी तिच्या प्रतिकृती, आराखडे व पुस्तके यांद्वारे तिला जिवंत ठेवले. दोनशे मैलांहून अधिक पसरलेली, पंढरीच्या वारकऱ्यांना वाहून नेणारी तिची जननी मात्र प्रतिकृतींच्या दालनात क्वचितच आढळते. जे अधिक काळ चालले ते विसरले गेले आणि जे अल्पकाळ टिकले ते जपले गेले. याचे कारण यंत्राच्या महत्त्वात नसून जपणाऱ्या समाजाच्या सवयीत आहे.

निष्कर्ष

१) जाहिरातरंगी इंजिनांच्या प्रतिकृती म्हणजे केवळ करमणुकीच्या वस्तू नव्हेत. अल्पजीवी व्यापारी दृश्यसंस्कृतीचे त्या त्रिमितीय साधन आहेत. मात्र बाजाराने केलेली निवड लक्षात घेऊनच त्यांचा वापर करावा लागतो.

२) सातारा-सांगली परिसरात रेल्वे व जाहिरात यांचा संयोग रंगाऐवजी नावातून झाला. किर्लोस्करवाडी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

३) या परिसराची रेल्वेस्मृती अद्याप वस्तुरूपाने पुरेशी जतन झालेली नाही. जुन्या मार्गांवर काम केलेले कर्मचारी आता वृद्धापकाळात आहेत. जुने कंदील, नांगरांच्या सूचीपुस्तिका, पत्र्याच्या जाहिरातपाट्या व तिकिटे भंगारात जाण्यापूर्वी त्यांची नोंद होणे निकडीचे आहे. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन बार्शी लाइटच्या एका इंजिनाची प्रमाणबद्ध प्रतिकृती जरी तयार केली, तरी तिच्या निमित्ताने आराखडे, छायाचित्रे व मौखिक आठवणी गोळा होतील. प्रतिकृती हे अशा संशोधनाचे अंतिम फळ असेल. खरा लाभ ती घडविताना विचाराव्या लागणाऱ्या प्रश्नांत आहे.